सॅडल पीक: चढायचं कसं आणि परत फिरायचं कधी

अंदमानातल्या सॅडल पीकची उंची ७३२ मीटर. हा आकडा ऐकला की सह्याद्रीत फिरलेला माणूस मनातल्या मनात हसतो. कळसूबाई १६४६, तिथं हे ७३२ म्हणजे नाश्ता करून निघावं आणि जेवायला परत यावं! नेमका इथेच घोळ होतो. कळसूबाईची निम्मी उंची पायथ्याच्या बारी गावानंच फुकटात दिलेली असते. सॅडल पीकची वाट समुद्राच्या कडेनं सुरू होते, त्यामुळे ७३२ मीटर चढ सगळाच्या सगळा पायांनी फेडावा लागतो. शिखर साधारण ८ किलोमीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १६. हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अंदमानात अंधार लवकर पडतो.

ही वाट सोडून द्यावी लागलेल्या बहुतेकांची तक्रार सारखीच असते: पाय थकले नव्हते, वेळ संपला. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमानं वाचा. पुढच्या टप्प्यात होणाऱ्या चुका बहुतेक वेळा मागच्या टप्प्यात पेरलेल्या असतात.

## १. महिना आणि दिवस ठरवा

अंदमानला पावसाचे दोन हंगाम मिळतात. नैऋत्य मोसमी वारे तिथे मे महिन्यातच, म्हणजे कोकणाच्या आधी पोचतात. ते परतल्यावर ईशान्येकडून येणाऱ्या सरी नोव्हेंबरपर्यंत, कधी डिसेंबरातही, झोडपत राहतात. बंगालच्या उपसागरातली वादळंही ऑक्टोबर ते डिसेंबर याच काळात जास्त. त्यामुळे ‘दिवाळीच्या सुट्टीत जाऊ, पाऊस संपलेला असेल’ हे मुंबई-पुण्याचं गणित तिथे चालत नाही. जानेवारी ते मार्च हा भरवशाचा काळ. एप्रिल कोरडा असतो, पण उकाडा जीव काढतो.

महिना ठरला की तिथी पाहा. वाटेचा पहिला भाग किनाऱ्यालगत जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि खडक ओले राहतात. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती असते, तेव्हा हा त्रास कमी. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. घाटावरच्यांनी मात्र भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघून ठेवाव्यात.

तपासा: परतीच्या विमानाआधी दोन मोकळे दिवस हाताशी आहेत का? पाऊस झाला तर ट्रेक एक दिवस पुढे ढकलता आला पाहिजे, आणि उत्तर अंदमानातून विमानतळावर यायला एक अख्खा दिवस जातो.

## २. डिगलीपूरला पोचा आणि परवान्याचं विचारा

सॅडल पीक उत्तर अंदमानात आहे. श्री विजयपुरम, म्हणजे आधीचं पोर्ट ब्लेअर, तिथून डिगलीपूर रस्त्यानं ३०० किलोमीटरच्या वर. हे अंतर मुंबई-पुणे महामार्गाच्या हिशोबानं मोजू नका. जिरकाटांगपासून पुढे जारवा आदिवासींचं राखीव क्षेत्र लागतं आणि तिथून गाड्या ठरलेल्या वेळीच, पोलिस बंदोबस्तात, ताफ्यानं सोडतात. पहिला ताफा सकाळी सहाच्या सुमारास निघतो. मग मिडल स्ट्रेटला गाडी फेरीबोटीत चढवायची, पुढे बाराटांग, रंगत, मायाबंदरचा फाटा. पहिला ताफा चुकला की डिगलीपूर रात्रीवर जातं. राखीव क्षेत्रात गाडी थांबवणं, फोटो काढणं, जारवांना काही देणं हा गुन्हा आहे. ‘एकच फोटो’ असं म्हणणाऱ्याला आधीच गप्प करा.

मुक्काम डिगलीपूर बाजारात न करता कालीपूरला करा. ट्रेकची सुरुवात लामिया बे इथून होते आणि कालीपूर त्या बाजूला आहे. पहाटे वाचलेला प्रत्येक अर्धा तास दुपारी कामाला येतो.

सॅडल पीक राष्ट्रीय उद्यान आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी आणि नोंद लागते. ओळखपत्राची मूळ प्रत आणि झेरॉक्स दोन्ही ठेवा. आदल्या दिवशी स्वतः जाऊन किंवा मुक्कामाच्या ठिकाणच्या माणसाकडून तीन गोष्टी विचारून घ्या: उद्या वाट उघडी आहे का, चौकीवर सकाळी माणूस किती वाजता असतो, आणि वाटाड्या कुठे मिळेल. हिंदी सगळीकडे चालते. त्या भागात बंगाली कुटुंबं पुष्कळ असल्यानं बंगालीही सर्रास कानावर पडते.

वाटाड्याचे पैसे वाचवू नका. सह्याद्रीत वाट चुकली तर समोरचा सुळका, खालचं गाव, मागचं धरण बघून अंदाज येतो. इथल्या सदाहरित जंगलात दहा पावलांपलीकडे दिसत नाही, आणि वादळात झाड आडवं पडलं की वाट वळसा घेते. मोबाइलवरचा नकाशा तो वळसा दाखवत नाही.

## ३. आदला दिवस मोकळा ठेवा

ही पायरी लोक हमखास गाळतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत कालीपूरच्या किनाऱ्यावर रात्री कासवं अंडी घालायला येतात. साहजिकच मंडळी रात्री दोनपर्यंत किनाऱ्यावर बसतात आणि पहाटे पाचला उठून शिखराकडे निघतात. दोन्ही करा, पण वेगवेगळ्या रात्री. चार तास झोपून १६ किलोमीटर चाललेला माणूस चढावर दमतो हे खरं, पण पडतो तो उतारावर.

रॉस अँड स्मिथ बेटांची फेरीही ट्रेकनंतरच्या दिवशी ठेवा. दिवसभर उन्हात आणि खाऱ्या पाण्यात डुंबून आलेलं शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं.

इशारा: स्कूबा केलं असेल तर मध्ये वेळ जाऊ द्या. डायव्हिंगनंतर विमानप्रवासाला जो नियम, तोच ६०० मीटरच्या वर चढायलाही लागू होतो: एकाच साध्या डाइव्हनंतर निदान १२ तास, अनेक डाइव्ह झाल्या असतील तर निदान १८. सॅडल पीकचा माथा या उंचीच्या वर आहे.

संध्याकाळी पोटभर पण साधं जेवा आणि पहाटेच्या डब्याचं तेव्हाच ठरवा. सकाळी सहाच्या आत कुठलंही हॉटेल गरम पोहे हातात ठेवणार नाही. पराठे, उकडलेली अंडी, केळी रात्रीच सांगून ठेवा. जीपवाल्यालाही वेळ पक्की सांगा आणि ‘पाच’ म्हणजे पाच, हे दोनदा बजावा.

## ४. सॅक भरा, पण पाण्यापासून सुरुवात करून

आधी पाणी, मग बाकीचं. माणशी ३ ते ४ लिटर. वाटेत ओढे लागतील, पण त्यांच्या भरवशावर निघू नका. मार्चमध्ये त्यांना किती पाणी असेल ते कुणी सांगू शकत नाही, आणि ते गाळल्या-उकळल्याशिवाय पिऊ नये.

नुसतं पाणी पुरत नाही. घामावाटे मीठ जातं, आणि ते भरून न काढता लिटरनं साधं पाणी ढोसलं की पायात गोळे येतात, मळमळतं, डोकं जड होतं. निम्मं पाणी साधं आणि निम्मं मीठ-साखरेचं किंवा ओआरएसचं ठेवा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतून ‘जरा स्ट्राँग’ करणारे प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. दाट द्रावणानं तहान वाढते आणि पोट बिघडतं. घरून कोकम आगळ आणलं असेल तर उत्तम, त्यात मीठ असतंच.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पातळ आणि लवकर वाळणारे. जीन्स नको. हाफ पँटही नको, कारण वेताचे काटे, जळवा आणि गोचिड्या तिघांनाही उघडी पोटरी आवडते. पँट मोज्यात खोचा. मोज्यांचा कोरडा जोड वेगळ्या पिशवीत ठेवा.

बूट तळाला खोल नक्षी असलेले आणि आधी वापरून मऊ झालेले हवेत. नवा कोरा जोड विमानात घालून आणला तर शिखराआधी टाचेला फोड येतो. नखं दोन दिवस आधी कापा, उतारावर अंगठा पुढे आदळतो.

याशिवाय: हेडटॉर्च (मोबाइलची बॅटरी ही टॉर्च नव्हे), शिटी, क्रेप बँडेज, अँटिसेप्टिक, रोजची औषधं, पातळ रेनकोट, कचऱ्याची पिशवी, एक काठी. डास-कीटकांसाठी मलम हवंच. दोर, स्टोव्ह, ब्लूटूथ स्पीकर घरी. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही, तोही घरीच.

तपासा: सॅक पाठीवर घेऊन दहा मिनिटं चाला. खांद्यात रुतत असेल तर काहीतरी काढा. पाणी काढू नका.

## ५. निघण्याआधी परतीची वेळ ठरवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून हिशोब सविस्तर देतो.

अंदमान भारताच्या पूर्व टोकाला, पण घड्याळ आपलंच. डिसेंबरात तिथे सूर्य संध्याकाळी पाचच्या आसपास मावळतो, जानेवारीत त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी. मुंबईपेक्षा जवळजवळ तासभर आधी. उंच झाडांखाली तर सव्वाचारलाच वाचता न येण्याइतकं अंधारून येतं. बदल्यात सकाळ लवकर होते, साडेपाचच्या सुमारास उजाडलेलं असतं. दिवस छोटा नाही, फक्त अलीकडे सरकलेला आहे. आपण उशिरा उठून त्याची सुरुवात वाया घालवतो.

आता उलटं मोजा. जंगलातून बाहेर, किनाऱ्याच्या वाटेवर, दुपारी साडेतीनला यायचं. चढाचा भाग उतरायला मध्यम चालीच्या ग्रुपला तीन तास धरा. म्हणजे उताराला लागायचं साडेबाराला. अर्धा तास गाठीशी ठेवला की परत फिरायची वेळ येते दुपारी १२. त्या वेळी जिथे असाल तिथून मागे.

वर जायचा हिशोबही त्यातच बसतो. सहाला चाल सुरू, सातच्या आसपास किनाऱ्याचा भाग संपला, मग चार तासांत माथा. अकराला वर, निवांत खाणं, बाराला खाली. सहाच्या जागी आठला निघालात तर हाच माथा एक वाजता येतो, आणि सगळे म्हणतात, ‘आता इतकं आलोय, दहा मिनिटांचं तर आहे.’

ही वेळ निघण्याआधी, चौकीवर उभं राहून, सगळ्यांच्या देखत मोठ्यानं सांगा. ग्रुपमधल्या एकाला तिचा राखणदार करा. शक्यतो तो उत्साही नसलेला असावा.

## ६. किनाऱ्याचा भाग: जोर राखून चाला

लामिया बेच्या चौकीवर नोंद करा, सॅकमधलं प्लास्टिक दाखवायला लावलं तर दाखवा आणि निघा. सुरुवातीचा भाग समुद्राला धरून, बराचसा सपाट. सकाळची हवा बरी असते, पाय ताजे असतात आणि चाल आपोआप वाढते. ती आवरा. गोट्यांवरून भरभर चालताना घोटा मुरगळला तर पुढचा सगळा दिवस तिथेच संपतो.

वाळूत बसू नका. तिथल्या बारीक माश्या चावलेलं तेव्हा कळत नाही, पुढे आठवडाभर खाज सुटते. बसायचंच तर खडकावर.

इशारा: ओढा समुद्राला मिळतो त्या जागी, खाडीच्या तोंडाशी, गुडघाभर पाण्यातही उतरू नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि त्यांचे हल्ले झालेले आहेत. पाय धुवायचे तर बाटलीतल्या पाण्यानं. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडेही उचलू नका. हे राष्ट्रीय उद्यान आहे, आणि पुढे विमानतळावर सामान तपासतात तेव्हा ते जप्त होतात.

## ७. चढ: श्वासाच्या तालावर

वाट किनारा सोडून जंगलात शिरली की चढ सुरू होतो आणि वर जावं तसा तो खडा होत जातो. अवघड कातळटप्पा नाही, दोर लागत नाही. त्रास वेगळा आहे: वारा नसतो. राजगडाच्या चढावर घाम आला की एखादी झुळूक येऊन तो वाळवते. इथे कपडे पहिल्या अर्ध्या तासात पिळून काढण्याइतके भिजतात आणि दिवसभर तसेच राहतात. घाम वाळत नाही म्हणून अंग थंड होत नाही, म्हणून चाल सह्याद्रीतल्या चालीपेक्षा मुद्दाम हळू ठेवावी लागते.

कसोटी सोपी: चालताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. तुटक शब्द निघत असतील तर चाल जास्त आहे. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे घाला, वाटाड्याच्या मागे. मागे राहिलेला माणूस कायम पळत असतो, आणि तो पोचला की बाकीचे विश्रांती संपवून उठतात. त्याला विश्रांती मिळतच नाही.

तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट. तासाला एकदा पाच-सात मिनिटं उभ्यानं थांबा आणि काहीतरी खारट खा. चिक्की चांगली, पण नुसत्या गोडावर भागत नाही. शेंगदाणे, चिवडा, लोणच्याची फोड जास्त कामाची.

हात कुठे टाकता ते पाहा. वेत दिसायला बांबूसारखा आणि आधाराला नेमका हाताशी असतो, पण त्याला काटे असतात. झाडाची मुळं वाटेवर आडवी पसरलेली असतात. ओल्या मुळावर पाय देऊ नका, ओलांडून पलीकडे टाका. पानांच्या ढिगाऱ्यात काठी आपटून मग पाऊल. अंदमानात मण्यार आणि नागराज दोन्ही आहेत. ते स्वतःहून अंगावर येत नाहीत, पण पाय पडला तर चावतात. साप चावलाच तर चिरा देणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही नको. अवयव हलू न देता माणसाला उचलून खाली आणा आणि डिगलीपूरचं सरकारी रुग्णालय गाठा.

ओल असेल तर जळवा लागणारच. ओढून काढू नका, जाळू नका. निमुळत्या तोंडाच्या बाजूनं नख सरकवलं की सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही.

तपासा, थांबून: निम्मा चढ झाल्यावर प्रत्येकानं बाटल्या वर करून दाखवायच्या. अर्ध्याहून जास्त पाणी संपलं असेल तर त्या माणसाचा ट्रेक इथे संपला. कुणाला गरगरतंय, थंडी वाजून येतेय, बोलणं असंबद्ध होतंय, तर तो उष्णतेचा त्रास आहे. सावलीत बसवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्धीवर असेल तरच घोटघोट पाणी द्या. बरं वाटलं तरी वर जायचं नाही, आणि खाली एकट्याला पाठवायचं नाही.

## ८. माथ्यावर फार वेळ नको

माथा बऱ्याचदा ढगात असतो. समुद्राचा देखावा मिळेलच असं नाही, आणि तो मिळावा म्हणून ढग हटायची वाट बघत बसणं ही परतीच्या वेळेची चोरी आहे. ओला शर्ट बदला, खा, मोजे बदला, बूट पुन्हा बांधा. उताराला नाडी घोट्यापाशी घट्ट आणि बोटांपाशी किंचित सैल हवी, म्हणजे पाय पुढे सरकत नाही.

## ९. उतार: इथे माणसं पडतात

चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे, आणि गुडघे उशिरा बोलतात. छोटी पावलं टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, काठी आधी खाली टेकवा आणि मगच पाय. खड्या जागी आडवं वळून उतरा. दोघांमध्ये चार-पाच पावलांचं अंतर असू द्या, नाहीतर एक घसरला की पुढच्यालाही घेऊन जातो.

घाईचं खरं कारण इथे पुन्हा घड्याळच असतं. बाराला निघालेला ग्रुप सावकाश उतरतो. दीडला निघालेला पळत उतरतो. उशीर झालाच, तर धावू नका. हेडटॉर्च बाहेर काढा, सगळे एकत्र या आणि वाटाड्याच्या चालीनं चला. ‘जवळची वाट’ म्हणून ओढ्यातून सरळ खाली उतरायचं तर अजिबात नाही. ओढा कड्यावर नेऊन सोडतो, हे सह्याद्रीत शिकलेलं इथेही खरं.

किनारा लागला की हायसं वाटतं आणि लक्ष उडतं. अजून दोन-तीन किलोमीटर बाकी असतात, पाय थकलेले असतात आणि सकाळी कोरडे असलेले खडक भरतीनं ओले झालेले असू शकतात.

## १०. चौकी सोडल्यावर

परतल्याची नोंद करा. ती राहिली की वनरक्षकांना अंधारात तुम्हाला शोधायला जावं लागतं. कचरा मुक्कामी न्या.

गरम पाण्यानं आंघोळ करताना काखा, कंबर, गुडघ्यामागची जागा, कानामागे गोचिड्या पाहा. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. ट्रेकचे कपडे तसेच बॅगेत कोंबू नका, वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पहिल्या संधीला गरम पाण्यात धुवा. घरी आल्यावर पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला, तर तो ‘प्रवासाचा थकवा’ समजून अंगावर काढू नका. अंदमानच्या जंगलात जाऊन आल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा, म्हणजे ते मलेरिया आणि स्क्रब टायफस (झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा ताप) या दोन्हींची तपासणी करतील.